पंचवीस आणि इप्पत्तैदु: क्रम कधी बदलता येतो?

बेळगावात रविवार पेठेकडं सकाळी बाजाराला गेलं की एकच आकडा दोन तऱ्हांनी कानावर येतो. मेथीची पेंडी केवढ्याला म्हणून विचारलं तर भाजीवाली मावशी आपल्याला सांगते "पंचवीस", आणि त्याच दमात शेजारी उभ्या असलेल्या अक्कांना सांगते "इप्पत्तैदु". आपल्याकडं यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण दोन्ही शब्द जरा फोडून बघा. पंचवीसमध्ये आधी पाच येतात, मग वीस. इप्पत्तैदुमध्ये आधी इप्पत्तु म्हणजे वीस, मग ऐदु म्हणजे पाच. मराठी माणूस ५ + २० म्हणतो आणि कन्नड माणूस २० + ५ म्हणतो. मावशीच्या हातात नोटा मात्र दोघांकडूनही सारख्याच पडतात.

बीजगणिताच्या पुस्तकात ज्याला क्रमनिरपेक्ष गुणधर्म म्हणतात तो हाच. शब्द भारदस्त असला तरी फोड सोपी आहे: क्रमाची अपेक्षा नसलेला. कोण आधी आणि कोण नंतर, याने उत्तर बदलत नाही. कन्नड पुस्तकात यालाच परिवर्तनीय म्हणतात, म्हणजे अदलाबदल करता येण्यासारखा. लिहायचं झालं तर अ + ब = ब + अ आणि अ × ब = ब × अ. एवढ्या दोन ओळी मुलं पाठ करतात आणि पुढच्या पानावर जातात. शिकवणीत इतकी वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यावर माझं ठाम मत झालंय की आठवी-नववीच्या बीजगणितातल्या पुष्कळ चुका या दोन ओळींपाशीच सुरू होतात. गुणधर्म सगळ्यांना तोंडपाठ असतो. तो कुठं लावायचा आणि कुठं नाही, ते कुणी बसून सांगितलेलं नसतं.

पंचवीसपाशी अजून थोडं थांबू. लहान मुलाला "सदुसष्ट लिही" म्हणून सांगा आणि त्याच्या हाताकडं बघा. काही मुलं आधी ७ लिहितात आणि मग डावीकडं सरकून ६ बसवतात, कारण कानाला आधी सात ऐकू आले. कन्नडमध्ये तीच संख्या अरवत्तेळु, म्हणजे साठ-सात. तिथं हात डावीकडून उजवीकडं सरळ जातो. महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा मोठा वाद झाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू मांडली होती. आपल्या भागातल्या मुलांना दोन्ही वाचनं घरबसल्या मिळतात, गल्लीतल्या गल्लीत मिळतात. ही फार मोठी शिदोरी आहे आणि शिकवणाऱ्यानं ती वापरायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

एक सावधगिरी इथंच सांगतो. जागा बदलता येते ती वीस आणि पाच यांची. २ आणि ५ या अंकांची जागा बदलली तर २५ चे ५२ होतात, आणि मेथीला कुणी बावन्न रुपये देणार नाही. लिहिलेल्या अंकाची किंमत त्याच्या जागेवर ठरते. म्हणजे "क्रम बदलता येतो" हे वाक्य अर्धंच आहे. कशाचा क्रम, कोणत्या क्रियेत, हे विचारल्याशिवाय ते पुरं होत नाही.

बेरजेचं कारण समजायला वेळ लागत नाही. भाताची दोन पोती एका कणगीत ओतली, तर कुठलं आधी ओतलं हे कणगीला कळत नाही. गुणाकाराचं मात्र तसं नाही, आणि तिथं आपण फार घाईनं पुढं जातो.

सात वेळा आठ म्हणजे ८ + ८ + ८ + ८ + ८ + ८ + ८. आठ वेळा सात म्हणजे ७ + ७ + ७ + ७ + ७ + ७ + ७ + ७. या दोन बेरजा शेजारी लिहून बघा. एकीत सात संख्या आहेत, दुसरीत आठ. संख्याही वेगळ्या. तरी दोन्हींचं उत्तर ५६ यावं, याचं खरं म्हणजे आश्चर्य वाटायला हवं. आपल्याला ते वाटत नाही, कारण "सात आठे छप्पन्न" आणि "आठ सत्ते छप्पन्न" हे दोन्ही कारण कळण्याच्या आधीच पाठ झालेलं असतं. युक्लिडला मात्र ते गृहीत धरून चालावंसं वाटलं नाही. त्याच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या सातव्या भागातलं सोळावं विधान याच गोष्टीची सिद्धता देतं.

आपल्याला सिद्धता बघायची असेल तर किराणा दुकानात अंड्यांचा ट्रे बघा. तीस अंड्यांचा ट्रे असतो, एका बाजूनं पाच ओळी, प्रत्येकीत सहा अंडी. दुकानदाराला तो काटकोनात फिरवायला सांगा. आता समोर सहा ओळी आणि प्रत्येकीत पाच. एकही अंडं आलं नाही, एकही गेलं नाही. ५ × ६ आणि ६ × ५ हे एकाच ट्रेकडं बघायच्या दोन जागा आहेत. ओळी आणि स्तंभ कितीही असोत, ट्रे फिरवला म्हणून अंडी कमीजास्त होत नाहीत. हे कारण सगळ्या पूर्ण संख्यांना पुरतं. बागेतली रोपं, खानापूरच्या भट्टीवर रचलेल्या विटांचा एक थर, शाळेतली कवायतीची रांग, सगळीकडं तेच.

याचा रोजचा फायदा मोजून दाखवतो. २ ते ९ च्या पाढ्यांत २ ते ९ पर्यंतचे गुणाकार घेतले तर ८ × ८ म्हणजे ६४ उत्तरं पाठ करावी लागतात. पण जोडीतलं एक आलं की दुसरं फुकट मिळतं. राहतात ३६: जोड्यांतले २८ आणि २ × २, ३ × ३ असे बिनजोडीचे ८. पाढ्यांना घाबरणाऱ्या मुलाला हा आकडा आधी सांगा, पोराचा जीव भांड्यात पडतो. टक्केवारीतही हेच चालतं. ५० चे १६ टक्के काढायला मुलं कागद मागतात. उलटं करा, १६ चे ५० टक्के. निम्मे म्हणजे ८. उत्तर एकच, कारण दोन्हीकडं ५० × १६ ला १०० नं भागायचं आहे.

मात्र गुणधर्म उत्तराची हमी देतो, गोष्टीची नाही. निपाणीकडं विडीचं काम घरोघर चालतं. २५ विड्यांची ४० बंडलं बांधली तर हजार विड्या झाल्या. ४० विड्यांची २५ बंडलं बांधली तरीही हजारच. पण दोरा गुंडाळणाऱ्या हाताला विचारा, चाळीसदा गाठ मारणं आणि पंचवीसदा मारणं सारखं कसं असेल? शाब्दिक उदाहरणात म्हणूनच मी मुलांना आधी वाक्य नीट वाचायला लावतो. काय किती वेळा, ते आधी समजून घ्यायचं. नंतर गुणताना हवा तसा क्रम घ्या.

आता वजाबाकी. ८ − ३ = ५, आणि ३ − ८ = −५. क्रम बदलला की उत्तर बदललं, त्यामुळं वजाबाकी क्रमनिरपेक्ष नाही. इथं काही मुलं ५ − ५ दाखवतात आणि म्हणतात, बघा की, उलटं केलं तरी शून्यच! घातांकात तर याहून फसवं उदाहरण आहे. २ चा चौथा घात १६ आणि ४ चा दुसरा घातही १६. तेवढं एकच बघितलं तर वाटेल की घातांकातही क्रम चालतो. पण २ चा घन ८ आणि ३ चा वर्ग ९. एखादी जोडी जुळली म्हणून गुणधर्म सिद्ध होत नाही, तो सगळ्या संख्यांना लागू पडावा लागतो. मोडायला मात्र न जुळणारी एकच जोडी पुरे.

वजाबाकीत क्रम बदलता येत नाही, एवढं सांगून पुष्कळ जण थांबतात. मला इथं जास्त रेंगाळायचं आहे, कारण मुलं नेमकी इथं घसरतात.

माझ्याकडं एक आठवीतली मुलगी शिकायला यायची. हुशार. तिच्या वहीत १२ − ५ + ३ हे उदाहरण होतं. तिनं विचार केला की बेरीज आधी केलेली बरी, आणि जागा बदलून लिहिलं १२ − ३ + ५. उत्तर आलं १४. खरं उत्तर १०. "सर, बेरजेत क्रम चालतोय म्हटलासा की तुम्ही," ती म्हणाली. तिचं बरोबरच होतं, मी तसं म्हटलं होतं. पण तिनं ५ आणि ३ उचलून नेले आणि त्यांची चिन्हं जागेवरच सोडली.

मी तिला एक वाक्य लिहून दिलं: "मांजरानं उंदराला पकडलं." आता शब्द हलव म्हटलं. "उंदराला मांजरानं पकडलं." "पकडलं मांजरानं उंदराला." वाक्य जरा वाकडंतिकडं होतं, पण कुणी कुणाला पकडलं यात काडीचा फरक पडत नाही. का? कारण 'नं' मांजराला चिकटलाय आणि 'ला' उंदराला. शब्द आपला प्रत्यय बरोबर घेऊन फिरतो. आता प्रत्यय जागेवर ठेवून नुसते शब्द बदल. "उंदरानं मांजराला पकडलं." गोष्टच उलटी झाली!

आकड्याच्या आधी, डावीकडं बसलेलं अधिक-वजाचं चिन्ह हा त्या आकड्याचा विभक्तिप्रत्यय समजा. १२ − ५ + ३ मध्ये तीन शब्द आहेत: +१२, −५ आणि +३. यांची कशीही अदलाबदल करा. +३ −५ +१२ लिहा, −५ +१२ +३ लिहा, उत्तर १०. म्हणजे वजाबाकी क्रमनिरपेक्ष नसली तरी तिच्याकडं ऋण संख्येची बेरीज म्हणून बघितलं की क्रमनिरपेक्षता परत मिळते. बीजगणितात ऋण संख्या इतक्या आधी का शिकवतात, त्याचं हे एक मोठं कारण आहे. मराठी मुलाला यासाठी नवं काही शिकावं लागत नाही. विभक्तीचे प्रत्यय तो बोलायला लागल्यापासून वापरतो, आणि घराबाहेर कन्नडमध्येही प्रत्यय शब्दालाच चिकटतात.

भागाकाराचंही असंच. १२ ÷ ४ × ३ मध्ये ४ आणि ३ ची नुसती अदलाबदल केली तर १२ ÷ ३ × ४ होऊन उत्तर ९ चं १६ होतं. पण "÷ ४" हा अख्खा तुकडा उचलला, म्हणजे एक चतुर्थांशानं गुणणं असं मानलं, तर १२ × ३ ÷ ४ = ९, बरोबर.

भाषेतली एक खाच मात्र लक्षात ठेवा. "क्ष मधून ५ वजा करा" आणि "५ मधून क्ष वजा करा" यातला 'मधून' कुणाला लागलाय ते बघायचं. ज्याला 'मधून' लागला तो आधी लिहायचा. पहिलं क्ष − ५, दुसरं ५ − क्ष. "५, क्ष मधून वजा करा" असं विचारलं की कित्येक मुलं ५ आधी दिसला म्हणून ५ − क्ष लिहितात. प्रत्यय बघितला असता तर फसली नसती.

शब्दांकडून अक्षरांकडं आलोच आहोत, तर या गुणधर्माशिवाय बीजगणित किती अडलं असतं ते दाखवतो. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ चा वर्ग, अधिक २अब, अधिक ब चा वर्ग. हे सूत्र प्रत्येकाला येतं. त्यातला २ कुठून आला? कंस सोडवून बघा: अ×अ + अ×ब + ब×अ + ब×ब. मधली दोन पदं अ×ब आणि ब×अ आहेत. ती एकच आहेत म्हणून त्यांना मिळून २अब म्हणता आलं. शेताचा चौरस तुकडा घ्या, प्रत्येक बाजू अ + ब, आणि बांध असे घाला की चार वाफे पडतील. दोन कोपऱ्यांत चौरस वाफे, एक मोठा, एक लहान. उरलेले दोन लांबट. एक उभा, एक आडवा. आडव्याच्या टोकाला उभं राहून बघितलं की तो उभा दिसतो. रोपं दोन्हींत सारखीच बसतात. तो २ म्हणजे हे दोन वाफे. जिथं अ×ब आणि ब×अ वेगळे असतील तिथं हे सूत्र लागूच पडत नाही. ३क्ष + क्ष×५ = ८क्ष असं आपण सहज लिहितो, तेही क्ष×५ ला मनातल्या मनात ५क्ष केलं म्हणूनच.

आता जरा बेळगावातल्याच शहापूरला जाऊ. तिथल्या पेठेत साडी घ्यायची आहे, किंमत १००० रुपये. दुकानदार म्हणाला, आधी २० टक्के सूट, मग उरलेल्यावर १० टक्के. तुम्ही म्हणालात, नको, आधी १० द्या, मग २० द्या. हुज्जत घालण्यात अर्थ नाही. १००० × ०.८ × ०.९ आणि १००० × ०.९ × ०.८, दोन्हीकडं ७२० रुपयेच होतात. पण सूट अशी असेल की एक १०० रुपयांची कूपन आणि एक १० टक्क्यांची, तर मात्र थांबा. आधी कूपन लावली: ९०० राहिले, त्यावर १० टक्के सूट, ८१० द्यायचे. आधी १० टक्के काढले: ९०० राहिले, मग कूपन, ८०० द्यायचे. दहा रुपयांचा फरक पडला. का? कूपन आधी लावल्यावर त्या वजा झालेल्या शंभरावरची दहा टक्के सूट हातची गेली. गुणाकारात गुणाकार किंवा बेरजेत बेरीज असेल तर क्रम चालतो. बेरीज-वजाबाकी आणि गुणाकार एकमेकांत मिसळले की क्रम बघावा लागतो. पदावली सोडवताना गुणाकार आधी की बेरीज आधी याचा नियम ठरवावा लागला, तो यासाठीच.

एका गैरसमजाबद्दल थोडक्यात सांगतो. साहचर्य गुणधर्म आणि क्रमनिरपेक्षता यांत मुलं गोंधळतात. साहचर्यात आकडे हलत नाहीत, फक्त कंस हलतो. दोन्ही नेहमी जोडीनं येतात असंही नाही. दोन संख्यांची सरासरी घ्या. २ आणि ४ ची ३, उलट केली तरी ३. क्रम चालतो. पण २ आणि ४ ची सरासरी ३, मग ३ आणि ८ ची ५.५, आणि आधी ४ आणि ८ ची ६, मग २ आणि ६ ची ४. कंस हलवला तर उत्तर बदललं.

या गुणधर्माचं नाव फार जुनं नाही. फ्रेंच गणितज्ञ सेर्व्वा यानं १८१४ मध्ये त्यासाठीचा फ्रेंच शब्द वापरला. लोक क्रम हजारो वर्षं बदलतच होते, नाव द्यायची गरज कुणाला भासली नव्हती. पुढं तीस वर्षांच्या आत असा गुणाकार सापडला ज्यात क्रम चालत नाही. आयर्लंडचा हॅमिल्टन तीन-तीन संख्यांच्या गटांचा गुणाकार बसवायला कित्येक वर्षं धडपडत होता. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी बायकोबरोबर डब्लिनच्या कालव्याकाठानं चालताना त्याला सुचलं की तीन नको, चार संख्या घ्यायच्या, आणि क्रमाचा हट्ट सोडायचा. तिथल्याच पुलाच्या दगडावर त्यानं समीकरण कोरलं. त्याच्या गुणाकारात नेहमीच्या १ च्या जोडीला तीन नवे एकक आहेत; त्यातला पहिला गुणिले दुसरा केलं तर तिसरा येतो, आणि दुसरा गुणिले पहिला केलं तर ऋण तिसरा. आज मोबाईलवरच्या खेळातली गाडी किंवा माणूस अवकाशात फिरवायला हाच हिशोब वापरतात.

फिरवण्याचा आणि क्रमाचा संबंध काय, ते वर्गात मी गणिताचं पुस्तक हातात घेऊन दाखवतो. तुम्हीही घ्या. पुस्तक टेबलावर उभं धरा, मुखपृष्ठ आपल्याकडं. आधी ते उभ्या उभ्या असं वळवा की मुखपृष्ठ उजव्या हाताकडं येईल. मग त्याची वरची कड आपल्यापासून पलीकडं पाडा. पुस्तक कडेवर उभंच राहिलं, मुखपृष्ठ अजून उजवीकडं. आता पहिल्यासारखं धरा आणि क्रम बदला. आधी वरची कड पलीकडं पाडा. पुस्तक आडवं झालं, मुखपृष्ठ आढ्याकडं. मग टेबलावरच गोल वळवा. मुखपृष्ठ आढ्याकडंच राहिलं. त्याच दोन क्रिया, पण एकदा पुस्तक उभं, एकदा आडवं.

हे दाखवलं त्या संध्याकाळी सगळी मुलं पुस्तकं फिरवत बसली. ती आठवीतली मुलगी खिडकीपाशी बराच वेळ एकटीच खटपट करत होती. तिनं पुस्तक टेबलावर आडवं ठेवलं होतं आणि गोल फिरवत होती, आधी पाव फेरा, मग अर्धा. परत जागेवर आणून आधी अर्धा, मग पाव. तीनदा तपासलं आणि मग मला हाक मारली. "सर, हिकडं बघा. एकाच अंगानं फिरवलं तर क्रम चालतोय की. पाव न् अर्धा काय, अर्धा न् पाव काय, पाऊणच होतंय."